न टाकलेला थेंब

दिवाकर,

आठ दिवसांपासून माझे हात कापतात. गिऱ्हाईक समोर असलं की मी ते गल्ल्याच्या मागे घेतो. इतवारीच्या बाजारात भाव करणाऱ्याचा हात कापताना दिसला की समोरचा लगेच भाव पाडतो, हे तुला सांगायला नको. डॉक्टरकडे गेलेलो नाही. कशानं कापतात ते मला ठाऊक आहे, आणि ते डॉक्टरला सांगण्यासारखं नाही. तुला सांगण्यासारखं होतं. तू होतास तेव्हा मी सांगितलं नाही.

तुझ्या तेरवीला तुझे जुने विद्यार्थी आले होते. लेथवर हात कसा ठेवायचा ते सरांनी शिकवलं, सर कधी ओरडले नाहीत, असं सगळे बोलत होते. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो होतो आणि खरं सांगतो, माझा राग गेला नव्हता. तू गेलास तरी गेला नव्हता. तुला दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी मी रामदासपेठेत दवाखान्यापर्यंत आलो होतो. खाली स्कूटर लावली, अर्धा तास उभा राहिलो आणि परत गेलो. मला वाटलं, आधी तू फोन करावास. भर गच्चीवर माझं नाक तू कापलं होतंस. उद्या येऊ, असं म्हणून मी दुकान उघडलं. त्या दुपारी तू गेलास.

पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा मी तुला वेडा समजलो होतो. हातगाडीवर भंगार गोळा करत करत मी त्या दुकानापर्यंत पोचलेला माणूस. माल बघायला आलेला माणूस किती पाण्यात आहे ते मी त्याच्या चपलेवरून ओळखतो. तू जुन्या डिश अँटेनाचा सांगाडा मागितलास आणि भावच केला नाहीस. मला ते अपमानासारखं वाटलं.

"काय करतोस याचं?"

"इंजिन."

"अँटेनाचं?"

मग तू माझ्या गल्ल्यावर बोटानं चित्र काढलंस. बंद नळकांडं, त्यात हवा. एका टोकाला तापवायचं, दुसऱ्या टोकाला थंड करायचं. तापली की हवा फुगते आणि दट्ट्या ढकलते, थंड झाली की आकसते आणि तो मागे येतो. तीच हवा, पुन्हा पुन्हा. डिझेल नाही, धूर नाही, आवाज शिवणयंत्राएवढा. स्टर्लिंग इंजिन म्हणतात याला, म्हणालास.

"अन् तापवायले आग?"

तू दुकानाच्या पत्र्याकडे बोट केलंस. एप्रिलची दुपार होती. पत्रा तडतडत होता. "इतकी आग फुकट पडून राहिली आहे नागपुरात. आरशाच्या पट्ट्या लावतो अन् एका जागी आणतो."

"मंग लोकायनं आजवर काहून नाही केलं?"

"केलं गा. सोपं दिसते, सोपं नाही. गरम बाजूची टोपी टिकली पाहिजे. दिवसभर लाल होईस्तोवर तापन, अन् आतून हवेचा दाब. ती टिकली तर सगळं टिकलं."

पहिल्याच दिवशी तू मला टोपीचं सांगितलं होतंस. हे मी आता मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

दोन वर्षं तुझ्या गच्चीवर माझे रविवार गेले. मला इंजिनमधलं काही कळत नव्हतं, पण लोक कशासाठी हात सैल सोडून पैसे देतात ते कळत होतं, आणि विजेविना पाणी वर चढवणाऱ्या यंत्रासाठी देतील हे मला पहिल्या महिन्यात कळलं. तू बनवायचं, मी विकायचं. तू आरशाच्या पट्ट्या चिकटवत बसायचास, मी तुला वेळ लावतो म्हणून शिव्या द्यायचो. तू म्हणायचास, "शेठ, तू बोलत राय. तुझ्या तोंडाच्या गरमीवर चालवून पाहतो एक डाव."

आणि ती थंड बाजू. मे महिन्यात टाकीतलं पाणी चहासारखं तापलेलं, त्यानं थंड काय होणार? यंत्र दहा मिनिटं फिरायचं आणि थकून थांबायचं. तू आठवडाभर डोकं धरून बसलास. वहिनी खालून ओरडल्या, कूलरमध्ये पाणी कोण टाकणार म्हणून, आणि मी सहज म्हणालो, अरे त्या कूलरच्याच टाकीतलं पाणी फिरव ना, ते तर गार असते. तू माझ्याकडे बघत राहिलास. दुसऱ्या दिवशी वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर गच्चीवर होता, त्याचा पंप इंजिनच्या थंड टोकाला जोडलेला होता आणि यंत्र अडीच तास न थांबता चाललं. तू मला मिठी मारलीस. घामानं तुझा शर्ट ओला होता. कुणी मला माझ्या डोक्यासाठी मिठी मारावी, असं तोवर कधी झालं नव्हतं.

आता टोपीचं सांगतो. तोवर होती ती कामचलाऊ.

तू मला एका कागदावर लिहून दिलं होतंस, कोणत्या जातीचं स्टील, किती जाड, किती व्यास. भट्टीत टिकणारं स्टील. ते बाजारात सहज मिळत नाही. एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल मी उचलला, त्यात त्या मापाचा पाइप निघाला. जड, चकचकीत. मी त्याला चुंबक लावलं. चिकटलं नाही. इतवारीत भांडं घ्यायला आलेली बाईसुद्धा पर्समधून चुंबक काढते आणि ते चिकटलं नाही की समाधानानं पैसे देते. पण आम्ही दुकानदार जाणतो की हलकं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही. त्यासाठी आमच्याकडे औषधाची बाटली असते. एक पिवळा थेंब टाकायचा, त्याला बॅटरी टेकवायची, दहापर्यंत मोजायचं. माल चांगला असला तर थेंब पिवळा राहतो. हलका असला तर लाल होतो.

बाटली माझ्या खणात होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मी थेंब टाकला नाही. मी विसरलो नाही, दिवाकर. मला भीती वाटली की तो लाल होईल, आणि मग पुन्हा शोधाशोध, आणखी दोन महिने. न टाकलेला थेंब लाल होत नाही. मी स्वतःला म्हटलं, चुंबक तर लावलं ना.

"बिल आहे का याचं?" तू विचारलंस.

"बिल? माह्यावर भरोसा नाही तुले?" मी पाइप तुझ्या गच्चीवर आदळला. खालचे शेजारी बाहेर आले. "वर्षभर रविवार घालून राहिलो इथं, अन् बिल मागतोस? एक नंबर माल आहे."

तू पाइप उचललास, पुसलास आणि कापायला घेतलास. मला वाटलं, मी जिंकलो. भावात असंच जिंकतात. आवाज चढवला की समोरचा हिशेब विसरतो.

पंधरा-वीस दिवसांनी तू दुकानात येऊन थेंबाची बाटली मागितलीस. वहिनीनं नवा डबा घेतला आहे, फसवलं की काय ते बघायचं, म्हणालास. दुसऱ्या दिवशी परत आणून दिलीस.

"कसा निघाला गा डबा?"

"तुझ्यासारखाच. लय चकाकते."

मी हसलो. गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं हसलो.

त्यानंतर एकदा तू विचारलंस, असाच दुसरा तुकडा मिळेल का, पण तुमच्या त्या थेंबात पास झालेला. मी म्हणालो, एक आहे ना, चालते ना, मग दुसरा कशाला? दाब मोजायच्या घड्याळावर मात्र त्या आठवड्यात तू लाल रेघ ओढलीस, तीन किलोवर. यंत्र आठ किलोसाठी आखलेलं होतं, तुझ्याच हातानं वहीत लिहिलेलं. आठ किलो दाबाची हवा भरली तर पंपाची धार मनगटाएवढी पडते, हे तूच मला सांगितलं होतंस. मी रेघेचं विचारलं तर म्हणालास, सध्या एवढंच. गच्चीच्या फरशीवरही तू एक पिवळी रेघ मारलीस आणि कुणाला तिच्या आत येऊ देईनास. मला म्हणालास, आरशाची तिरीप डोळ्यांत जाते. रोज काम संपलं की तू रंगाच्या ब्रशानं गरम टोपीखाली पडलेले काळे पापुद्रे एका डबीत भरायचास. मी म्हणायचो, कचरा काय जमवतोस?

मग एप्रिलमध्ये मी उमाटेंना आणलं. काटोल रोडवर त्यांची नर्सरी आहे, संत्र्याची कलमं. दोन महिने मी त्यांच्या मागे लागलो होतो. ते, त्यांचा भाऊ, त्यांची सून, सगळे गच्चीवर पिवळ्या रेघेबाहेर उभे होते. तू आरसा उन्हाकडे वळवलास, चाक हातानं फिरवलंस, यंत्र सुरू झालं, आणि काटा तीनवर येताच तू हवा भरणं थांबवलंस. पंपातून करंगळीएवढी धार पडली.

"सर," उमाटे म्हणाले, "एवढ्यानं तं माह्या कुंड्याबी नाही भिजत."

"वाढव," मी म्हणालो.

"नाही."

"आठचं यंत्र आहे. वाढव. भितोस काय बे?"

"हो," तू म्हणालास. "भितो."

बस, एवढंच. फडक्याला हात पुसलेस. उमाटेंनी चहा घेतला, छान आहे म्हणाले, गेले. ते जिना उतरत होते तोवर मी तुला जे बोललो ते मी इथे लिहीत नाही. वहिनींनी ऐकलं आहे. तू कशाला भितोस, हे मात्र मी विचारलं नाही. विचारायची मला इच्छा नव्हती.

तीन आठवडे आपण बोललो नाही. मग तुझी छाती दुखली.

तेरवीनंतर दुसऱ्याच दिवशी उमाटेंचा फोन आला. सर गेल्याचं कळलं, वाईट वाटलं, यंत्राचं काय करणार? आणि मी, दिवाकर, तुझ्या फोटोवरचा हार सुकला नव्हता तेव्हा म्हणालो, रविवारी या, आता मी आहे, पुरे आठ किलो दाखवतो. धंद्यासाठी म्हणालो, असं वाटेल तुला. धंदा होताच. पण त्याहून जास्त मला तुला खोटं पाडायचं होतं. तू नसताना तुझ्या गच्चीवर मनगटाएवढी धार पाडायची आणि म्हणायचं, बघ.

शुक्रवारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनींनी किल्ली दिली आणि जिन्यापर्यंत मागे आल्या.

"भाऊजी, त्या पिवळ्या रेघेच्या आत नका जाऊ."

"तिरीप येते, माहीत आहे मले."

"तिरीप नाही. सकाळी ऊन बी नसे, तवाबी मले येऊ देत नोते. मी म्हणो, मंग तुमी काहून उभे राहता? तं म्हणत, कोणाले तरी चाक फिरवा लागते."

मी वर गेलो. रेघेपाशी थांबलो. ती रेघ मी शंभर वेळा पाहिली होती. त्या दिवशी प्रथमच मी तिच्यावरून नजर सरळ पुढे नेली. ती आरशासमोरून जात नव्हती. ती टोपीसमोरून जात होती. टोपी फुटली तर तुकडे जिथवर उडतील, तिथून ती मारलेली होती. आणि आत फक्त चाक होतं आणि चाकापाशी तुझ्या चपलांनी घासून पांढरी झालेली जागा.

मी भिणारा माणूस नाही. गोदामात रचलेला माल माझ्या अंगावर कोसळला आहे, सुरी दाखवून लोकांनी पैसे मागितले आहेत. तेव्हा एवढं भ्यालो नव्हतो.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तुझं टेबल आहे तसंच आहे. वहीवर ते कडं ठेवलेलं. बोटभर रुंदीचं, स्टीलचं, कागद उडू नयेत म्हणून. वर्षभर मी ते रविवारी टेबलावर भिंगरीसारखं फिरवत तुझ्याशी बोललो आहे. वही उघडायला मी ते उचललं आणि पहिल्यांदा आतून पाहिलं. आतल्या बाजूला चवलीच्या नाण्याएवढा तांबूस डाग. पस्तीस वर्षं मी तो डाग दुसऱ्यांच्या मालावर पाडून त्यांचे चेहरे उतरवले आहेत. तो माझ्याच पाइपाचा तुकडा होता. तू थेंब टाकला होतास. वहिनींचा डबा नव्हताच, आणि डबीतले काळे पापुद्रे म्हणजे तापून झडणारी तीच टोपी होती.

वहीत एक ओळ होती. "टोपी: तीनच्या वर नाही, दुसरी मिळेपर्यंत." पाइप कुठून आला, कुणी आणला, काही नाही. मी पानं उलटली. तुझ्या वहीत माझं नाव कुठेच नाही, ही माझी जुनी तक्रार. तुला दोनदा बोलून दाखवली होती. ते एका जागी सापडलं. "थंड बाजू: कूलरचं पाणी. कल्पना शेठची." जिथे अभिमान वाटावा तिथे तू नाव लिहिलं होतंस आणि जिथे लाज वाटावी तिथे जागा कोरी ठेवली होतीस.

मी तिथेच खाली बसलो. पत्रा तापला होता, घाम येत होता आणि मला थंडी वाजत होती. उमाटेंची सून आठवली. एप्रिलमध्ये ती मोबाइलवर व्हिडिओ काढायला रेघेच्या आत आली होती आणि तू तिला दंडाला धरून मागे ओढलं होतंस. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती, परक्या बाईला असं धरतात का म्हणून. रविवारी ती परत येणार होती. तू नव्हतास. आणि मी हवा आठवर नेणार होतो.

पण दिवाकर, एक गोष्ट मी सोडणार नाही. तूही मला फसवलंस. तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस. मी ओरडेन म्हणून? ओरडलो असतो. पाइप पुन्हा आदळला असता. चार दिवस तोंड दाखवलं नसतं. मग इतवारी पालथी घालून, भोपाळला, मुंबईला माणूस पाठवून तुला तो तुकडा आणून दिला असता. तू मला तेवढी संधी दिली नाहीस. मला सांभाळून घेतलंस, आणि रोज एकटा त्या टोपीसमोर उभा राहिलास. एवढं मोठेपण मी तुझ्याकडे मागितलं होतं का? तुझी छाती कशानं दुखली, हा प्रश्न मी कुणाला विचारू? तुझे डॉक्टर म्हणतात, जुना आजार. मी मान हलवतो. घरी गेल्यावर मला त्या "हो, भितो"चा आवाज ऐकू येतो.

शुक्रवारीच मी रेघ ओलांडली. टोपीच्या बाजूची हवेची तोटी उघडली. दाब तूच कधीतरी एक किलोवर ठेवून गेला होतास. हवा सुसकारत बाहेर आली आणि काटा शून्यावर पडला. मग उमाटेंना फोन केला.

"उमाटेजी, आठ किलो नाही दाखवता येत. टोपीचं स्टील हलकं आहे."

"अस्सं? कोणी देलं?"

असल्या प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं तयार असतात. कारखानदारानं फसवलं, दलालानं फसवलं.

"म्या," मी म्हणालो.

उमाटे म्हणाले, "आपला माल खोटा म्हणणारा इतवारीवाला मी पयल्यांदाच ऐकून राहिलो. येतोच रविवारी. सरांचं यंत्र पाहाले येतो."

आले. सूनही आली. सगळ्यांना मी रेघेबाहेर उभं केलं, आवाज न चढवता. तू एकदा सांगितलं होतंस की दाब न भरताही ते चालतं, फक्त जीव थोडा असतो. काटा शून्यावर असतानाच तोटी बंद केली, हवा भरली नाही. वहिनींनी कूलर सुरू केला. आरसा मी वळवला. मग चाक फिरवायला आत जावं लागलं, तुझ्या त्या पांढऱ्या झालेल्या जागेवर. काटा शून्यावर होता. फुटायला आत काही नव्हतं. तरी चाक धरायच्या आधी मी दोनदा काटा पाहिला, आणि मला कळलं की तू इथे तीन किलोवर उभा राहायचास, रोज, आणि मागे वळून माझ्याशी थट्टा करायचास.

चाक दुसऱ्या झटक्याला लागलं. पंपातून सुताएवढी धार आली. उमाटेंनी तिच्याखाली हात धरला.

"चांगली टोपी भेटली तं कळवाल?"

"कळवीन. पण थेंब तुमच्यासमोर टाकीन."

टोपी आता उतरवली आहे. तुझाच एक विद्यार्थी नवी कातून देणार आहे, पाइप मिळाला की. मी शोधतो आहे. ते कडं मी वहिनींना विचारून आणलं आणि गल्ल्यावर ठेवलं, डाग वर करून. आणि तेव्हापासून भीतीनं दुसरं घर शोधलं आहे. पस्तीस वर्षांत मी असा किती माल दिला असेल, नुसतं चुंबक लावून, आवाज चढवून? तो कुठे कुठे तापत असेल, कुणाच्या खानावळीत, कुणाच्या वाफेच्या टाकीवर, आणि त्याच्यासमोर कोण उभं असेल? त्यांच्याकडे तुझ्यासारखा कुणी रेघ मारणारा असेलच असं नाही.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर मी थेंब टाकतो. बॅटरी टेकवतो. दहापर्यंत मोजतो. तेवढा वेळ तू समोर उभा असतोस, फडक्याला हात पुसत, आणि काही बोलत नाहीस. थेंब पिवळा राहतो. गिऱ्हाईक माल उचलून जातं. हात मात्र आणखी थोडा वेळ कापत राहतो.